परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मोर्शी : एका कॉफी साखळीच्या चार शाखा

बचत गटांच्या कामानिमित्त मला महिन्यातले पंधरा-सोळा दिवस अमरावती जिल्ह्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात फिरावे लागते. गटांची दप्तरे तपासायची, बँकेत कर्जप्रकरणे पोहोचवायची, तालुक्याच्या बैठकीला हजर राहायचे आणि मधल्या वेळात पुढच्या गाडीची वाट पाहायची, असा तो दिवस असतो. अचलपूरहून अंजनगाव, दर्यापूरमार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला बंद पडल्यापासून या पट्ट्यातला प्रवास एसटी आणि काळीपिवळी यांच्यावरच चालतो, त्यामुळे तास-दीड तास थांबणे ठरलेलेच असते. पुरुषांना हा वेळ चहाच्या कॅन्टीनवर किंवा पानठेल्याशेजारी काढता येतो. बाईमाणसाला तो बसस्थानकाच्या बाकावर, पर्स मांडीवर धरून आणि पाणी बेताने पीत काढावा लागतो. पाणी बेताने का, हे फिरतीवर असणाऱ्या बायांना सांगायला नको.

परतवाड्यात ही कॉफीची साखळी सुरू झाली तेव्हा, ही जागा आपल्यासाठी नाही असे समजून मी सहा महिने तिच्या दारावरून नुसती ये-जा केली. आज तिच्या परतवाडा, अंजनगाव सुर्जी, दर्यापूर आणि मोर्शी अशा चार शाखा आहेत आणि चारही ठिकाणी मिळून मी चाळीसेक वेळा तरी बसले आहे. चालवणारी मंडळी याच भागातली आहेत. दुकानाचे नाव येथे लिहीत नाही, कारण ज्या गोष्टी खटकल्या त्या मी त्या-त्या शाखेत समोरासमोर सांगितल्या आहेत, आणि हे लिहिण्याचा उपयोग नाव गाजवण्यापेक्षा अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला व्हावा एवढीच माझी इच्छा आहे.

मी पहिल्यांदा आत गेले तो मार्चअखेरचा दिवस होता. बँकेत उभे राहून पाय भरून आले होते, दुपारचे दोन वाजले होते आणि चांदूर बाजारच्या गाडीला पाऊण तास अवकाश होता. काउंटरवरच्या मुलीने काही विचारण्याआधी स्टीलच्या गिलासात पाणी आणून ठेवले. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात आणि मग कामाचे विचारतात. दुकानात ही रीत पाळलेली पाहून मला बरे वाटले. वर भिंतीवर दरफलक होता, तो सगळा इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरे वाचता येतात, पण कॅपुचिनो, लाटे, अमेरिकानो या शब्दांपुढे प्रत्यक्षात काय येणार हे अक्षरे वाचून कळत नाही. मी घुटमळले हे तिने पाहिले आणि विचारले, "ताई, कडक पायजे का दुधाची? साखर मी येगळी देतो, तुमी तुमच्या अंदाजानं घ्या." एवढ्या एका प्रश्नाने माझी अडचण सुटली. दुधाची म्हटल्यावर तिने कॅपुचिनो दिली, आणि गर्दी नव्हती म्हणून यंत्रापुढे उभी राहून बाकीच्या नावांचा उलगडाही केला.

तो उलगडा सोपा आहे आणि प्रथम जाणाऱ्याला उपयोगी पडेल. या सगळ्या पेयांचे मूळ एकच, एस्प्रेसो. साधारण १८ ग्रॅम ताजी दळलेली पूड यंत्राच्या दांडीत दाबून बसवतात आणि सुमारे ९ बार दाबाने गरम पाणी तिच्यातून २५ ते ३० सेकंद सोडतात. त्यातून दोन-तीन घोट भरतील एवढाच दाट अर्क निघतो. त्यात गरम पाणी घातले की अमेरिकानो, दूध आणि दाट फेस घातला की कॅपुचिनो, दूध जास्त आणि फेस पातळ ठेवला की लाटे, चॉकलेट मिसळले की मोका. फलकावर या पेयांत सर्वांत स्वस्त म्हणून जे लिहिलेले असते तो बहुधा नुसता अर्क असतो. शेतमाल विकून आलेला माणूस स्वस्त म्हणून तो मागवतो, इवलासा कप समोर आल्यावर ओशाळतो आणि पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. मोर्शीच्या शाखेत एका वयस्कर गृहस्थांच्या बाबतीत हे घडताना मी पाहिले आहे. त्यांनी कप उचलून आत पाहिले, काउंटरवरच्या दोन पोरांनी एकमेकांकडे पाहून तोंड दाबले, आणि ते गृहस्थ पैसे ठेवून कॉफी न पिताच निघून गेले. परतवाड्याच्या मुलीने विचारलेला प्रश्न त्या पोरांपैकी एकाने विचारला असता, तर हे घडले नसते.

आता भावाविषयी. फिल्टर कॉफी ४० रुपये, जायफळाची कॉफी ५० रुपये, कॅपुचिनो ११० आणि लाटे १२० रुपये असे सध्याचे दर आहेत. आमच्या बहुतेक गटांत एका बाईची महिन्याची बचत शंभर रुपये असते. त्या मापाने मोजले तर एक कॅपुचिनो म्हणजे एका सभासदाची महिनाभराची बचत, आणि ती पिताना हा हिशेब माझ्या मनातून जात नाही. म्हणून मी सहसा पहिल्या दोनपैकीच एक घेते, आणि सांगायला आनंद वाटतो की या साखळीचे खरे कसब याच दोन स्वस्त कॉफ्यांत आहे.

फिल्टर कॉफीसाठी पितळेचे दोन मजली भांडे वापरतात. वरच्या भांड्यात पूड, तिच्यावर उकळते पाणी, आणि पंधरा-वीस मिनिटांत खालच्या भांड्यात थेंबाथेंबाने उतरलेला काढा. परतवाड्यात तो सकाळी एकदा आणि दुपारी चारला पुन्हा काढतात. सकाळचा काढा संध्याकाळपर्यंत ओढत नाहीत. पुडीत चिकोरी किती, असे मी विचारले तेव्हा मुलीने पाकीटच दाखवले : ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. तिच्यामुळे रंग गडद होतो आणि दाटपणा येतो, शिवाय ती स्वस्त पडते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी विकण्याची मुभा आहे. त्या तुलनेत हे प्रमाण चांगले आहे, आणि विचारल्यावर पाकीट पुढे करणारे दुकान मला अधिक विश्वासाचे वाटते. वीज गेली की, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात ती जातेच, एस्प्रेसोचे यंत्र थंडावते आणि वीज परत आल्यावर तापायला पुन्हा वीस-पंचवीस मिनिटे घेते. अशा वेळी फिल्टर कॉफीच मागवावी.

जायफळाची कॉफी ही मात्र या साखळीने आपल्या घरातून उचललेली गोष्ट आहे. माझ्या लहानपणी कॉफी रोज होत नसे. पाहुणे मुक्कामी आले, कोणाचा उपास असला किंवा घरात कोणी आजारातून उठले, की दूध आटवून त्यात कॉफी, साखर आणि वरून जायफळ पडायचे. येथे जायफळ कप समोर आल्यावर लहानशा किसणीवर किसून देतात. दळून ठेवलेल्या पुडीचा वास हळूहळू उडून जातो आणि मागे नुसता तुरटपणा राहतो, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या किसणीची किंमत कळेल. परतवाडा आणि अंजनगाव या शाखांत हे नेमाने पाळतात. मोर्शीला मला दोनदा डबीतली पूड टाकलेली कॉफी मिळाली.

याच कॉफीच्या निमित्ताने माझ्या सासूबाईंची हकिकत सांगते; त्यांना मी आत्याबाई म्हणते. डोळे तपासायला त्यांना अंजनगावला नेले होते, औषधाचे थेंब घातल्यामुळे डोळे उन्हात उघडत नव्हते, म्हणून पुढच्या गाडीपर्यंत आम्ही या शाखेत जाऊन बसलो. जायफळाचा वास आल्याबरोबर आत्याबाईंचा चेहरा खुलला. "ही तं आपल्या घरची कॉफी हाये," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बशी मागितली. काउंटरवरचा मुलगा सरळ म्हणाला, "बशी नाही ठेवत जी आमी." तो उर्मटपणे बोलला नाही, पण त्यापुढे त्याने काही केलेही नाही. जाड चिनी मातीचा कप, काठोकाठ कढत कॉफी आणि हाताला थोडा कंप. आत्याबाईंनी दोनदा कप उचलून खाली ठेवला आणि ती निवेपर्यंत गाडीची वेळ झाली. अर्धी कॉफी तशीच राहिली. पुढच्या आठवड्यात परतवाड्याला गेले तेव्हा मी हे त्या मुलीला सांगितले. तिने ते वहीत लिहून घेतले. माझ्यासमोरच एका म्हाताऱ्या बाबांना तिने स्टीलच्या वाटीत कॉफी ओतून दिली आणि म्हणाली, "बाबाजी, याच्यात लवकर निवते." दोन्ही शाखांत कॉफी तीच, जायफळ तेच, दरही तोच, फरक फक्त समोरच्या माणसाच्या हाताकडे पाहण्याचा.

दुधाचेही सांगितले पाहिजे. परतवाडा आणि अंजनगावला जवळपासच्या गावांतून म्हशीचे दूध येते. त्यात स्निग्धांश साधारण ६ ते ७ टक्के असतो, त्यामुळे फिल्टर आणि जायफळाच्या कॉफीला दाटपणा येतो. मोर्शी आणि दर्यापूरला पाकिटातले टोन्ड दूध वापरतात, ज्यात स्निग्धांश ३ टक्के असतो. कॅपुचिनोचा फेस त्या दुधाचाही चांगला येतो, पण ते दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवले पाहिजे. त्यापुढे नेले की दुधाची मूळ गोडी जाते आणि उतू गेलेल्या दुधासारखा वास येतो. एकदा वाफवलेले दूध भांड्यात उरले म्हणून पुढच्या गिऱ्हाइकासाठी पुन्हा वाफवणे हा मोर्शी शाखेचा नेहमीचा दोष आहे. गर्दीच्या वेळी काउंटरजवळ उभे राहिले तर तो डोळ्यांनी दिसतो.

दर्यापूरचा प्रश्न दुधाचा नाही, पाण्याचा आहे, आणि तो त्या शाखेने ओढवून घेतलेला नाही. दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे आहे. विहिरीला पाणी लागले म्हणून येथे कोणी पेढे वाटत नाही. पिण्यासाठी शहानूर धरणाचे पाणी नळाने येते, पण ते ठरलेल्या वेळी येते, आणि ते संपले की दुकानदाराला बोअरच्या पाण्यावर आरओ लावावा लागतो. कॉफीच्या कपात काढून-घालून पाणीच जास्त, त्यामुळे पाण्याची चव तिच्यात लपत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानतात आणि दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कॉफीसाठी मात्र जाणकार १५० च्या आसपास क्षार असलेले पाणी उत्तम मानतात. क्षार वाढले की अर्क नीट उतरत नाही, आंबट-गोड छटा मरतात, यंत्राच्या आत खडूसारखा थर धरतो. उलट आरओने सगळेच क्षार काढून टाकले तर कॉफी पातळ आणि पोकळ लागते.

जुलै महिन्यात तेथे मी फिल्टर कॉफी घेतली तेव्हा पहिल्याच घोटात जिभेच्या कडांना खारट लागले. मी कप घेऊन काउंटरवर गेले. मुलाने वाद घातला नाही. चमचाभर काढा वाटीत घेऊन त्याने स्वतः चाखला, तोंड वाकडे केले आणि म्हणाला, "खरं हाये ताई, फिल्टरचं पाणी बिघडलं. काल सांगतलं होतं मालकाले." त्याने तो सगळा काढा मोरीत ओतला, माझ्याकडून पैसे घेतले नाहीत आणि बाटलीच्या पाण्यात चुलीवर साधी कॉफी करून दिली. या वागण्याला मी पूर्ण गुण देते. पण तीन आठवड्यांनी गेले तेव्हा चव पुन्हा तशीच होती, आणि या वेळी काउंटरवर दुसराच मुलगा होता; त्याचे म्हणणे होते की कॉफी अशीच असते. पहिल्या मुलाने स्वतःच्या जिभेने जे ओळखले ते यंत्राजवळ टांगलेल्या, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या एका साध्या टीडीएस मीटरने रोज सकाळी ओळखता आले असते. ते उपकरण काही शे रुपयांत मिळते आणि त्यामुळे काम माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहत नाही. मी हे मालकांना फोनवर सांगितले. दिवाळीनंतर तेथे मीटर आलेला आहे, पण आकडे लिहायची वही मला अजून दिसली नाही.

यापुढचा विषय कॉफीचा नाही, तरी माझ्यासारख्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तोच पहिला आहे. तालुक्याच्या गावात बाईला वापरता येईल असे स्वच्छ संडास-बाथरूम मिळणे किती अवघड असते, हे सांगायला शब्द कमी पडतात. मी स्वतः दुपारपर्यंत पाणी न पिता दिवस काढले आहेत, आणि त्याचे पर्यवसान डॉक्टरांकडे जाण्यात झाले आहे. परतवाडा शाखेत बायांसाठी वेगळी खोली आहे, आत कडी आहे, पाणी आहे, झाकणाची बादली आहे, आणि ती दिवसातून तीनदा धुतात याची नोंद दारामागच्या कागदावर वेळेसह असते. कॉफी न घेताही कोणी बाई आत जाऊ शकते. मी विचारून खात्री केली आहे. एकदा बसस्थानकावरची एक लेकुरवाळी आदिवासी बाई दारात घुटमळत उभी होती, तिला काउंटरवरच्या मुलीने हाताने खूण करून आत बोलावले. त्या दिवसापासून माझ्या लेखी या शाखेचे दहा दोष माफ आहेत.

अंजनगावला जागा लहान आहे, एकच खोली सर्वांसाठी, पण स्वच्छ. मोर्शीला बरी आहे. दर्यापूरला मात्र खोलीला कुलूप असते आणि किल्ली काउंटरवर मागावी लागते. पाच-सहा पुरुष उभे असताना बाईने काउंटरवर जाऊन ती किल्ली मागायची, हे ज्याने ठरवले त्याने घरातल्या एकाही बाईला विचारले नसणार. बाहेरचे लोक घाण करतात, असे कारण मला सांगण्यात आले. कारण खोटे नाही. तरी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावून ठेवता येते, निदान बायांच्या खोलीची. मी तसे सुचवले आहे आणि अजून तसे झालेले नाही.

बसण्याच्या वेळेबद्दलही दोन शाखांत दोन तऱ्हा आहेत. परतवाड्याला खिडकीकडच्या लांब टेबलावर पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुली सकाळपासून पुस्तके उघडून बसतात. अभ्यासिकेत जागा मिळाली नाही की त्या येथे येतात आणि दोघींत एक फिल्टर कॉफी घेतात. त्यांना कोणी उठवत नाही. दुपारी एक ते तीन या गर्दीच्या वेळी फक्त टेबल सोडून मागच्या बाकावर बसायला सांगतात, आणि त्या उठतातही. मोर्शीला ४५ मिनिटांपेक्षा जास्त बसू नये अशी पाटी आहे. दुकानाचे भाडे निघाले पाहिजे हे मला समजते, मी रोज बायांना नफा-तोटाच शिकवते. पण ती पाटी रिकाम्या दुकानातही लागू केली जाते. भर पावसात, आत दुसरे एकही गिऱ्हाईक नसताना, मला तिची आठवण करून देण्यात आली होती.

मोर्शीच्याच शाखेतले बिलाचे प्रकरण थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण ते कोणाच्याही बाबतीत घडू शकते. गेल्या हिवाळ्यात तेथे दोन कॅपुचिनो आणि एक सँडविच घेतले तेव्हा बिलात पाच टक्के जीएसटीच्या वर आणखी पाच टक्के सेवा शुल्क लावलेले होते. उपाहारगृहाच्या बिलावरचा ५ टक्के जीएसटी हा सरकारी कर आहे आणि दुकान नोंदणीकृत असेल तर तो द्यावाच लागतो. बिलावर जीएसटी क्रमांक आणि १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक आहे ना, एवढे पाहावे. सेवा शुल्क मात्र कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार ते आपोआप बिलात जोडता येत नाही आणि ग्राहकावर सक्तीही करता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. मी हे शांतपणे सांगितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, सगळेच देतात." मी म्हटले, "सगळ्यायले माहीत नसन म्हणून देतात. १९१५ वर फोन लावू का आता?" तो ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मग रक्कम कमी झाली, पण नवे बिल छापून न देता पेनने खोडून दिले. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा बिलातून ती ओळ गेलेली होती. मालकांना कळवल्यावर त्यांनी ती काढली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. मात्र तोवर किती लोकांनी ते पैसे भरले असतील, याचा विचार मला त्रास देतो.

बिलाच्या वेळी मोबाइल क्रमांक मागण्याची सवय चारही शाखांत आहे. नको म्हटले तर परतवाड्याला लगेच सोडून देतात. बाकी ठिकाणी संगणक पुढे जात नाही असे सांगतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना यासाठी अडून बसू नका असे कळवलेले आहे. ज्या बाईचा फोन नवऱ्याजवळ असतो तिला चारचौघांत क्रमांक विचारणे हे नुसते गैरसोयीचे नाही, अपमानाचे आहे.

दरफलकाचा मुद्दा मी शेवटपर्यंत सोडणार नाही. दुकानाचे नाव बाहेर मराठीत, देवनागरीत लिहिलेले आहे, कारण २०२२ च्या सुधारणेनंतर राज्यातल्या प्रत्येक दुकानाला ते बंधनकारक झाले. पण आतला फलक कायद्यात येत नाही म्हणून इंग्रजीत राहिला. ज्या गावात सातबारा, रेशन कार्ड, पोथी, वर्तमानपत्र सगळे मराठीत वाचले जाते, तेथे खाण्यापिण्याची यादी तेवढी परक्या लिपीत कशासाठी? नावे बदलू नका; कॅपुचिनोच म्हणा, पण देवनागरीत लिहा आणि खाली एक ओळ घाला : दूध, दाट फेस, कडवट. अंजनगावच्या मुलाने मी सांगितल्यावर खडूने एक पाटी लिहून दारात ठेवली होती. अक्षर सुरेख होते. पावसाने ती पुसली, पुन्हा लिहिली गेली नाही.

खाण्याविषयी थोडक्यात : सँडविच ठीक, केक आदल्या दिवसाचा असण्याची शक्यता जास्त, बटाट्याचे तळलेले काप टाळावेत. पोहे फक्त परतवाड्याला, सकाळी अकरापर्यंत, आणि ते चांगले असतात.

सर्वांत मोठी खंत मात्र वेगळीच आहे. परतवाड्याहून तासाभरात घाट चढून चिखलदऱ्याला पोहोचता येते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे ११०० मीटर उंचीवर, तेथे इंग्रजांच्या काळापासून कॉफीची लागवड आहे, आणि महाराष्ट्रात कॉफी पिकवणारे गाव म्हणून त्याचे नाव शाळेच्या वयापासून आम्ही ऐकत आलो. दुकानाच्या एका भिंतीवर त्या डोंगराचे मोठे छायाचित्रही लावलेले आहे. पण कपातली कॉफी येते चिकमगळूरहून. ती कॉफी उत्तम आहे, भाजल्याची तारीख पाकिटावर हाताने लिहिलेली असते आणि ती क्वचितच तीन आठवड्यांपेक्षा जुनी असते, याबद्दल माझी काही तक्रार नाही. देशातली बहुतांश कॉफी कर्नाटकातच पिकते, तेव्हा रोजच्या धंद्यासाठी तिकडूनच माल घ्यावा लागणार हेही खरे. मालकांचे म्हणणे असे की चिखलदऱ्याचा माल थोडा असतो आणि प्रत्येक खेपेला सारखा नसतो. मला हे पटते, पण एवढ्यावर विषय संपत नाही. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, तेवढीच एक किटली त्या कॉफीची ठेवता येईल. चव कमी-जास्त झाली तर आम्ही ती आपल्या शेतातल्या तुरीसारखी समजून घेऊ. यंदा दाणा बारीक आला म्हणून घरची डाळ कोणी टाकून देत नाही. मोर्शी-वरूडचा पट्टा संत्र्यांचा, तरी मोर्शीच्या शाखेत संत्र्याची थंड कॉफी बाटलीतल्या पाकाची करतात, तीही आंबिया बहाराची संत्री समोरच्या अडत्याकडे ढिगाने पडलेली असताना. ती मी एकदा प्यायले आणि पुन्हा घेतली नाही.

मागच्या आठवड्यात एका गटाचे कर्ज मंजूर झाले. सहा बाया बँकेत सह्या करायला परतवाड्याला आल्या होत्या, त्यांपैकी पाच जणी अशा दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. दारातच एकीने विचारले, "आपल्याले बसू देतीन का व इथी?" आम्ही सात जणींनी दोन टेबले जोडली. आधी पाणी आले. मग सात जायफळाच्या कॉफ्या सांगितल्या, साडेतीनशे रुपये आणि साडेसतरा रुपये कर, बिलात दुसरे काही नव्हते, आणि पैसे सगळ्यांनी मिळून गटाच्या दंडाच्या जमेतून दिले. जायफळ किसताना सगळ्या त्या किसणीकडे पाहत होत्या. कप आल्यावर मी काही बोलण्याआधी काउंटरवरच्या मुलीने खालच्या फडताळातून स्टीलच्या सात बशा काढल्या आणि ओल्या फडक्याने एकेक पुसून आमच्यापुढे ठेवल्या. बशा नवीन होत्या, त्यांच्या पाठीवर दुकानाचे नाव कोरलेले होते. अंजनगावलाही पाठवल्या आहेत, असे तिने सांगितले. दर्यापूर आणि मोर्शीला त्या पोहोचल्या की नाही, हे पुढच्या फेरीत पाहीन.